परमनंटची सहा वाक्यं

मुखेडमध्ये रामलिंगला सर म्हणणारी दीडशेएक पोरं असतील, पण त्यातल्या एकालाही त्याला सलग बारा महिने सर म्हणायची संधी मिळालेली नाही. कॉलेजात तो इंग्रजी शिकवतो ते तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढं मानधन, आणि तेही ऑर्डर निघाली तर. ऑर्डर निघते गणपती उठल्यावर आणि संपते मार्चअखेर. एप्रिलात पोरं परीक्षेला बसतात आणि सर गच्चीवर. त्याच कॉलेजात घंटा वाजवणारा सटवाजी मात्र कायम आहे. तो रामलिंगला भेटला की अदबीनं नमस्कार करतो आणि तितक्याच अदबीनं विचारतो, औंदा येणार का सर?

वय एकतीस. शेत सात एकर, त्यातलं दोन एकर ओलिताखाली. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एम.ए., बी.एड., वरती सेट पास. स्थळ बघणारे हे सगळं ऐकून खूश होतात, चहाचा दुसरा घोट घेतात आणि मग तो एक शब्द विचारतात. त्यानंतर तिसरा घोट कोणी घेत नाही.

त्यामुळं असेल किंवा जन्मजात असेल, रामलिंग एका जागी बसत नाही. फोन आला की तो अंगणात फेऱ्या घालतो. फोन नसला तरी घालतो. वर्गात शिकवताना दार ते खिडकी, खिडकी ते दार असा चालत राहतो. परीक्षेच्या सुपरव्हिजनला मात्र त्याला मोठी मागणी. तीन तास न बसणारा माणूस दुसरा कुठं मिळणार?

गच्चीवर बसतो म्हटलं तेही खरं तर चुकीचंच. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ नेटवर्क येतं, म्हणून तो तिथं असतो. लॅपटॉप टाकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानं काम करतो. ते काम जरा समजून घ्यायला हवं, कारण मुखेडमध्ये ते अजून कोणाला नीटसं समजलेलं नाही.

तैवानातली एक कंपनी मोबाइलवरचा इंग्रजी शब्दकोश चालवते. चिनी बोलणारी माणसं, म्हणजे दुकानदार, नर्सा, कॉलेजची पोरं, त्यावर इंग्रजी शिकतात. एकेका शब्दाचं एक पान. शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत, त्याच्या छटा, तो कुठं वापरतात, कुठं वापरत नाहीत, चिनी बोलणाऱ्यांची नेहमी कुठं चूक होते आणि शेवटी रोजच्या जगण्यातली सहा वाक्यं. इंग्रजी बाजू रामलिंगकडं, आणि ती विशेषणांपुरतीच. चिनी बाजू काओशुंग नावाच्या शहरातल्या लिन मॅडमकडं. नांदेडच्या एका प्रकाशकासाठी त्यानं बारावीचं गाईड लिहिलं होतं, त्या जोरावर गेल्या वर्षीच्या मार्चात हे काम मिळालं. सुरुवातीला तो प्रत्येक पानाला गाईडसारखं चांदणीचं चिन्ह टाकून "अति महत्त्वाचे, तीन वेळा विचारलेले" असं लिहायचा. लिन मॅडमनी विचारलं, कोणी विचारलेलं? तेव्हापासून चांदणी बंद झाली.

लिन मॅडमची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. त्यांच्या सूचना सकाळी साडेसहाला येऊन पडतात. रामलिंगची आई साखराबाई अंगण झाडताना वर बघून रोज विचारते, चिनीमावशी उठली का? वडील आप्पासाहेब पारावर सांगतात की आमचा रामलिंग चीनला इंग्रजी शिकवतो. तैवान म्हणजे चीन नव्हे, हे रामलिंगनं दोनदा सांगून पाहिलं. आप्पासाहेब म्हणाले, मुखेडहून एवढं बारीक दिसत न्हाई.

तर या वर्षी एप्रिलमध्ये लिन मॅडमनी बारा विशेषणांची यादी पाठवली. त्यातलं सातवं होतं परमनंट.

हा शब्द बघून रामलिंगनं लॅपटॉप बंद केला आणि बसस्टँडपर्यंत चालत जाऊन आला. कारण याच शब्दानं पंधरा दिवसांपूर्वी लातुरात त्याला दारात उभं करून ठेवलं होतं.

झालं होतं असं. लातूरच्या भागवतरावांची मुलगी ज्ञानेश्वरी हिचं स्थळ मल्लप्पामामांनी आणलं होतं. मल्लप्पामामा म्हणजे साखराबाईंचे भाऊ, देगलूरचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. भागवतराव एका खासगी शिकवणीचं ऑफिस सांभाळतात. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या फीया, हॉस्टेल, आईबापांचं रडणं, सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. ज्ञानेश्वरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, आणि गच्ची म्हटल्यावर रामलिंगला जरा घरच्यासारखं वाटलं. ती म्हणाली, दिवसभर काय करता? त्यानं त्या आठवड्यातला शब्द सांगितला. तो होता "लाजाळू". चिनी लोकांसाठी लाजाळूची सहा वाक्यं करायची होती. ती म्हणाली, ऐकवा की. त्यानं ऐकवली. तिला चौथं बरं वाटलं, बाकीची पाठ्यपुस्तकातली वाटली. "तुम्ही चालत चालत बोलताय," ती म्हणाली, "आणि मी मान फिरवून फिरवून ऐकतेय. उभं राहता येतं का तुम्हाला?" रामलिंग उभा राहिला. चांगला चार मिनिटं उभा राहिला. साखराबाईंना नंतर हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून तो आपली वाक्यं तिला मोबाइलवर पाठवू लागला आणि ती त्यांना रक्ताच्या रिपोर्टसारखे शेरे देऊ लागली. नॉर्मल. लो. पुन्हा तपासा. तीस स्थळं झाली होती, पण कुणाच्या उत्तरासाठी त्यानं टाकीला इतक्या प्रदक्षिणा घातल्या नव्हत्या.

भागवतरावांना मुलगा पसंत होता. पण निघताना रामलिंग दारात चपला घालत असताना त्यांनी त्याचा हात धरला. त्यांचं म्हणणं असं की शिकवणीत तीस वर्षांत शंभर सर आले आणि गेले. आज फ्लेक्सवर फोटो, उद्या फ्लेक्स उलटा करून त्यावर ज्वारी वाळत घातलेली. "कॉलेजचं मला म्हाईत हाय. ते सोडा," ते म्हणाले. "पण ह्या परदेशी कंपनीत तुम्ही परमनंट हाव म्हणून त्यांच्या लेटरपॅडवर लिहून आणा. तेवढं एक कागद दिसू द्या, मंग पुढचं बोलू." नीटची परीक्षा झाली की त्या पुढच्या रविवारी मुखेडला घर बघायला यायचं ठरलं. कागद तोवर यायला हवा होता.

आणि आता तोच शब्द यादीत सातवा.

रामलिंगनं सहा वाक्यं एका दमात लिहिली. माझा चुलतभाऊ परमनंट नाही, म्हणून त्याचं लग्न झालं नाही. शिपाई परमनंट आहे, पण प्राचार्य प्रभारी आहेत. ती परमनंट झाली आणि सासू गोड बोलू लागली. परमनंट व्हायला त्याला अकरा वर्षं लागली. परमनंट माणसाला कोणी काढू शकत नाही. आणि सहावं, नुसतंच: तू परमनंट आहेस का?

सकाळी साडेसहाला लिन मॅडमचा शेरा आला. सहाही वाक्यं व्याकरणानं बरोबर आहेत. तुमच्या गावात या शब्दाचा दुसरा काही उपयोग होतो का?

मग रामलिंग गावात परमनंट शोधत फिरला. बाजाराचा दिवस होता. दातांच्या डॉक्टरकडं एक पोरगं रडत होतं आणि डॉक्टर त्याच्या आईला सांगत होता, दुधाचा हाय बाई, पडू द्या, पक्का मागून येतो. हे एक सापडलं, पक्के दात. तहसीलसमोर अर्ज लिहिणाऱ्याकडं दुसरं सापडलं, कायमचा पत्ता. तिथं एक ऊसतोड्या पुण्याकडचा सध्याचा पत्ता सांगू का गावचा सांगू म्हणून अडून बसला होता, कारण सध्याच्या पत्त्यावर वर्षातले सहा महिने आणि कायमच्या पत्त्यावर बाकीचे सहा. बसस्टँडच्या खांबावर कुणीतरी मार्करनं बाण मारलेलं काळीज काढलं होतं. ते रंगवूनही वर येत होतं. तिसरं सापडलं, न जाणारी शाई. स्टँडबाहेरची पत्र्याची टपरी पालिकेच्या कागदावर बावीस वर्षं तात्पुरती आहे. ते त्यानं विरुद्धार्थी शब्दासाठी टिपून ठेवलं.

ही वाक्यं ज्ञानेश्वरीला गेली. दाताचं नॉर्मल. पत्त्याचं नॉर्मल. काळजाचं पुन्हा तपासा.

लिन मॅडमही खूश झाल्या. आता त्यांनी चिनी बाजू समजावली. त्यांच्याकडं दोन शब्द. एक योंगच्यू, आणि दुसरा योंगयुआन. पहिला शिक्का मारता येईल अशा गोष्टींसाठी: राहण्याचा परवाना, पत्ता, दात. दुसरा तोंडानं म्हणायच्या गोष्टींसाठी: तुला विसरणार नाही, तुझ्यावर प्रेम करीन. शिकणारी माणसं दोन्हीकडं परमनंटच लावतात आणि निरोपाच्या कार्डावर लिहून टाकतात की मी तुझा परमनंट मित्र आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, या मित्राला पेन्शनही असणार. रामलिंगनं कळवलं की आमच्याकडं तर एकाच "कायम"वर दोन्ही भागतं, अर्जातला पत्ताही कायमचा आणि आठवणही कायमची, म्हणून ही चूक मुखेडची पोरंही जशीच्या तशी करतात. लिन मॅडमनी हसरा चेहरा पाठवला. नोकरीच्या बाबतीत मात्र चिनी माणूस परमनंट म्हणतच नाही, असं त्या म्हणाल्या. पक्क्या सरकारी नोकरीला त्यांच्याकडं लोखंडी भातवाडगा म्हणतात. पडला तरी फुटत नाही.

हे आप्पासाहेबांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास चावत विचार केला आणि म्हणाले, लोखंडाला गंज येतो. पण देतेत का त्ये तुला वाडगा, त्ये इचार.

तोच तर विचारायचा होता. आता मराठवाड्यातल्या माणसाला कुठल्याही गोष्टीचा दाखला लागतो आणि दाखला मागायची त्याची एक रीत आहे. ती त्याच्या हाडात असते. रामलिंग चौदा महिने या बाईशी साध्या इंग्रजीत बोलत होता, पण दाखल्याची वेळ आली तसा त्यानं अर्ज केला. प्रति, मा. लिन मॅडम. विषय: सेवेत कायम असल्याचे प्रमाणपत्र विवाहकामी मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की. हे सगळं त्यानं इंग्रजीत उतरवलं, खाली आपला विश्वासू लिहिलं आणि शब्दाच्या पानासोबतच पाठवून दिलं, कारण पाठवायची जागा एकच होती.

दोन दिवस उत्तर नाही. या दोन दिवसांत त्यानं मुखेडचे सगळे रस्ते मोजले. तिसऱ्या दिवशी साडेसहाला उत्तर आलं. लिन मॅडमनी त्याचा अर्ज लाल शाईनं तपासून परत पाठवला होता. त्यांना तो शब्दाच्या पानावरचा नमुना संवाद वाटला होता. शेरा होता: परमनंटचा वापर योग्य. पण मजकूर फार लांब. "विवाहकामी" अनैसर्गिक वाटतं, खऱ्या आयुष्यात कोणी असं लिहील का? कृपया जास्त खरं वाटेल असं उदाहरण द्या.

रामलिंग टाकीला टेकून बराच वेळ हसला. मग हसू थांबलं, कारण रविवारला चार दिवस उरले होते. त्यानं अर्जाबिर्जाची भाषा सोडली आणि सरळ लिहिलं. एक मुलगी आहे. तिच्या वडिलांना मी पक्का आहे असं लिहिलेला तुमच्या कंपनीचा कागद हवाय. तो आला नाही तर लग्न होणार नाही. मला ते व्हायला हवंय.

उत्तर शनिवारी सकाळी आलं, कंपनीच्या लेटरपॅडवर, खाली सही आणि चौकोनी लाल शिक्का. इंग्रजीत पाचच वाक्यं होती. रामलिंग आप्पासाहेब गेल्या वर्षीच्या मार्चपासून आमच्यासाठी लिहितात आणि त्यांना शब्दागणिक मोबदला मिळतो. ते आमचे परमनंट कर्मचारी नाहीत. या विभागात कोणीच नाही, मीसुद्धा दर जूनमध्ये नव्यानं सही करते. त्यांचं काम काळजीपूर्वक असतं आणि चूक दाखवली तर त्याच दिवशी दुरुस्त होऊन येते. मी त्यांना पुढंही काम देऊ इच्छिते.

रामलिंगनं ते वाचलं आणि जिना उतरून पुन्हा चढला. कागद ज्ञानेश्वरीला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. शेरा काही आला नाही. नॉर्मल नाही, लो नाही, काहीच नाही. दुपारपर्यंत त्यानं मोबाइल इतक्या वेळा बघितला की साखराबाईंनी तो काढून पिठाच्या डब्यावर ठेवला.

संध्याकाळी तो प्रिंट काढायला आनंदराजच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. आनंदराज शाळेपासूनचा मित्र. गावातले सगळे दाखले त्याच्याच मशिनीतून निघतात. त्यानं प्रिंट काढता काढता कागद वाचला, एकदा रामलिंगकडं बघितलं आणि पंखा त्याच्याकडं वळवला.

"तीन अक्षरांचा तर शब्द हाय त्यो नॉट," आनंदराज म्हणाला. "गाळायला अर्धं मिनिट लागंना. पण माझ्या मशिनीवर न्हाई, आधीच सांगतो."

"मी म्हणलो का गाळ म्हणून?"

"तू म्हणला न्हाईस. तुझे पाय म्हणून राहिलेत. घे, थंड पाणी पी."

घरी येईपर्यंत रामलिंगनं ठरवलं होतं की आप्पांना सांगायचं. पण अंगणात आप्पासाहेब स्वतः चुन्याची बादली घेऊन भिंत पांढरी करत होते आणि मल्लप्पामामा देगलूरहून येऊन खुर्ची टाकून बसले होते. कागद आला का, एवढंच आप्पांनी विचारलं. आला, एवढंच रामलिंगनं सांगितलं. हे खोटं नव्हतं. रात्रभर त्याला ते खोट्यासारखंच टोचलं.

रविवारी अकराला पाहुणे आले. भागवतराव, त्यांचे थोरले भाऊ आणि एक मेहुणे. मुलगी घर बघायला येत नसते, तशी ती आली नव्हती. घर बघून झालं, गोठा बघून झाला, बोअरला किती पाणी आहे ते विचारून झालं. पोहे झाले. गच्चीही बघितली. भागवतरावांनी टाकीला हात लावून विचारलं, हेच का ऑफिस? सगळे हसले. मग बैठकीत चहा आला आणि भागवतरावांनी दुसरा घोट घेतला.

"कागदाचं तेवढं?"

रामलिंगनं कागद काढला, पण तो भागवतरावांपर्यंत पोचायच्या आत मल्लप्पामामांनी मधूनच घेतला. इथं मामांचं एक सांगायला हवं. मामा सातवी शिकलेले, इंग्रजी येत नाही. पण एसटीत ते अकरा वर्षं रोजंदारीवर होते आणि बाराव्या वर्षी जी ऑर्डर हातात पडली, तिच्यात एक इंग्रजी शब्द होता. ती ऑर्डर त्यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. तीस वर्षं रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढं असतो. इंग्रजीच्या समुद्रात त्यांना तो एकच मासा ओळखता येतो, पण कुठंही टाका, ओळखतातच.

मामांनी चष्मा लावला. बोट पहिल्या ओळीवरून फिरलं, दुसऱ्या ओळीवर आलं आणि थांबलं. मामांचा चेहरा उजळला.

"हे बगा," ते म्हणाले. "परमनंट. छापील लिहिलंय. आन् खाली शिक्का हाय लाल."

त्यांनी कागद उलटा करून बोट न काढता सगळ्यांना दाखवला. थोरल्या भावांनी वाकून बघितलं आणि मान डोलावली. मेहुण्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. आप्पासाहेबांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले, चुना डोळ्यांत गेल्यासारखे. भागवतरावांनी कागद घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि घडी करून खिशात ठेवला. चष्मा त्यांनी काढलाच नव्हता पिशवीतून. मामांचा आनंद बघितल्यावर त्यांना वाचायची गरज वाटली नसावी. तीस वर्षं टेबलावर बसलेल्या माणसालाही असा आनंद खोटा वाटत नाही, कारण तो खोटा नव्हताच.

"अक्का, सुपारी आण," मामांनी आत आवाज दिला. "शुभस्य शीघ्रम्."

आता आमच्या भागात सुपारी फुटली की बोलणं फुटलं. त्यानंतर दोन्हीकडच्या कुणाला मागं फिरता येत नाही. फिरलं तर नाव जातं, आणि गेलेलं नाव दोन पिढ्या परत येत नाही. साखराबाई ताटात सुपारी, हळदकुंकू आणि अडकित्ता घेऊन बाहेर आल्या. रामलिंग दारात उभा होता. तो उभाच असतो, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच्या मनात त्या अर्ध्या मिनिटात काय काय आलं ते सांगायला अर्धा दिवस लागेल. तो काही खोटं बोललेला नव्हता. कागदही खोटा नव्हता. बोट मामांचं होतं. गप्प बसलं की झालं, आणि गप्प बसायला काहीच करावं लागत नाही. पण ते पोहे, तो चुना, आणि लातुरात कुणीतरी दोन निळ्या खुणांमागं बसून हा सगळा वेळ गप्प आहे. ती वाचून गप्प आहे. त्याला एकाएकी लक्षात आलं की आज मी न वाचता गप्प राहिलो, तर उद्यापासून आम्ही दोघंही आयुष्यभर एकमेकांसमोर असेच गप्प राहू.

मामांनी अडकित्ता उचलला.

"मामा, थांबा," रामलिंग म्हणाला. "काका, तो कागद द्या जरा. तो वाचायचा राहिला."

"आरं वाचला की," मामा म्हणाले.

"एक शब्द वाचला. त्याच्या मागं आणखी एक हाय."

भागवतरावांनी कागद दिला. रामलिंगनं तो बैठकीच्या मधोमध उभं राहून, न चालता, पाचही वाक्यं मराठीत वाचली. दुसरं वाक्य वाचताना आवाज जरा खाली गेला, म्हणून ते त्यानं परत वाचलं. साखराबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागदाकडं असं बघितलं की जणू घरच्या माणसानं भर बाजारात ओळख नाकारावी.

भागवतराव उठले. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. आधी का सांगितलं न्हाई, एवढंच त्यांनी विचारलं. रामलिंग म्हणाला की सांगायचं धाडस आत्ता आलं, आधी आलं न्हाई. भागवतरावांनी चपला घातल्या आणि विचार करून कळवतो म्हणाले. "कळवतो" या शब्दाचा अर्थ मुखेडात लहान पोरालाही विचारा. गाडी जांबच्या रस्त्याला लागेपर्यंत आप्पासाहेब बघत राहिले, मग चुन्याची बादली उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

मामा संध्याकाळच्या गाडीनं देगलूरला गेले. जाताना म्हणाले, माझ्या ऑर्डरीत त्या शब्दाच्या मागं काय लिहिलंय ते एकदा येऊन वाचून दे बाबा, मला आता झोप लागायची न्हाई. आप्पासाहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते साखराबाईंना उद्देशून: सुपारी फुटू दिली असती तर काय बिघडलं असतं? पोरगं काय उपाशी मरणार होतं का? रोज सकाळी साडेसहाला रामलिंग गच्चीवर जायचा, लिन मॅडमनी पाठवलेलं बघायचा आणि एकाही शब्दाचं पान पुरं न करता खाली यायचा. बसस्टँडच्या फेऱ्या दोनाच्या चार झाल्या. सटवाजीनं विचारलं, सर, बीपी बिपी निघालं का? डॉक्टरनं सांगितलंय का चालायला?

बुधवारी दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन. रामलिंग तेव्हा आडत बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होता, उन्हात.

शनिवारी उत्तर का दिलं नाही, हे त्यानं विचारलं. लॅबमधल्या मशिनीची घरघर ऐकू येत होती.

"काय देणार होते?" ती म्हणाली. "चालतंय म्हटलं असतं, तर तुम्ही माझ्या जिवावर वाचलं असतं. न्हाई म्हटलं असतं, तर वाचलंच नसतं. म्हणून गप्प बसले. मलाबी ते सोपं गेलं न्हाई, समजलं का?"

समजलं, रामलिंग म्हणाला. मग तिनं सांगितलं की तीन दिवस घरात भांडण चालू आहे. बाबांचं एकच, की मुलगा खरा आहे पण खरेपणावर दुकानदार उधार देत नाही. तिनं त्यांना विचारलं, तुमच्या शिकवणीतल्या शंभर सरांपैकी किती जणांनी निघून जायच्या आधी येऊन सांगितलं होतं, की मी उद्यापासून नाही? बाबांनी मोजलं. बराच वेळ मोजलं. मग म्हणाले, गुरुवारी बोलावून घे बापलेकांना, आणि येताना चौदा महिन्यांचा बँकेचा तपशील आणायला सांग, आता लेटरपॅड नको.

"म्हणजे होकार का?" रामलिंगनं विचारलं.

"माझा होकार. बाबांचा अर्धा. उरलेला तुम्ही येऊन काढायचा. आणि तुम्ही चालताय ना आत्ता? धाप लागल्यासारखा आवाज येतोय. सावलीत थांबा आधी."

तो एका बंद शटरच्या पायरीवर बसला. फोन संपल्यावरही पाच मिनिटं बसून राहिला आणि मग त्याला बँक साडेतीनला गर्दीची होते हे आठवलं.

बँकेचे कागद घेऊन तो घरी आला तेव्हा आप्पासाहेब गोठ्यात वैरण टाकत होते. रामलिंगनं सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी पेंढी सोडली, पसरली, दुसरी घेतली.

"अर्धा म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई आप्पा."

"मंग एवढ्या उन्हात लातूरला जायचं, आन् त्यो बाबा परत दारातनं कळवतो म्हणला तर?"

"तर परत येऊ."

आप्पासाहेबांनी हात झटकले आणि बायकोला हाक मारून आपला इस्त्रीचा सदरा कुठं आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची गाडी धरायची होती, जांब, शिरूर ताजबंद करत चार तासांची. साखराबाई म्हणाल्या, साडेसहाला चिनीमावशी उठती, तिला सांगितलंस का उद्या सुट्टी म्हणून? रामलिंग जिन्याकडं निघाला, अर्ध्यातून परत आला, बँकेचे कागद पिशवीत आहेत का ते बघितलं, आणि पुन्हा निघाला.